शाह, शह आणि चेक

बाराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये सप्टेंबर संपत आला की परगण्यापरगण्यांतल्या शेरीफांच्या पोटात गोळा येत असे. शेरीफ म्हणजे राजाचा परगण्यातला कारभारी. जमिनीचा वसूल आणि दंड गोळा करायचे, राजाच्या हुकमाप्रमाणे खर्च करायचा आणि वर्षातून दोनदा खजिन्यापुढे उभं राहायचं. ईस्टरच्या हजेरीत निम्म्याच्या आसपास रक्कम भरून पावती घेतली की भागत असे. २९ सप्टेंबरचा मायकेलमसचा सण झाला की मात्र पैपैचा हिशेब द्यावा लागे, आणि तोही राजाच्या बड्या अधिकाऱ्यांच्या देखत.

हा हिशेब ज्या टेबलावर होई, त्याचं वर्णन मोजमापांसकट लिहून ठेवलेलं आहे. लांबी सुमारे दहा फूट, रुंदी पाच फूट. वरचं काही घरंगळू नये म्हणून चारी कडांना चार बोटं उंचीचा काठ. वर काळं कापड, दर ईस्टरला नवं विकत आणलेलं. त्या कापडावर रेघा, आणि दोन रेघांमध्ये एक फुटाचं किंवा ताणलेल्या हाताच्या एका वितेचं अंतर. रेघांमधल्या रकान्यांना किमती ठरलेल्या होत्या. उजवीकडचा पहिला रकाना पेनीचा, मग शिलिंगचा, मग पौंडाचा, त्यापुढे वीस पौंड, शंभर, हजार आणि दहा हजार. खजिनदार वाचून दाखवी की अमुक परगण्याकडून इतकं येणं आहे. हिशेबनीस तेवढ्या सोंगट्या रकान्यांत मांडी. शेरीफानं भरलेली आणि राजाच्या हुकमानं खर्चलेली रक्कम त्याखाली मांडली जाई. मग वरच्या ओळीतून खालची ओळ वजा होत जाई. शेरीफाला लिहितावाचता येत नसलं तरी आपण कुठवर अडकलो आहोत हे त्याला डोळ्यांनी दिसत असे. तिकडे लेखनिक ते सारं मेंढीच्या कातड्यावर उतरवून घेत. मेंढीचंच कातडं का, तर त्यावर खाडाखोड केली की ती लपत नाही.

हे वर्णन केलं रिचर्ड फिट्झनील यानं. तो स्वतः राजाचा खजिनदार होता, बाप नायजेलही आधी खजिनदार होता, म्हणजे टेबल त्याच्या घरचंच म्हणायचं. दुसऱ्या हेन्रीच्या कारकिर्दीच्या तेविसाव्या वर्षी, ११७६-७७च्या सुमारास, टेम्स नदीकाठच्या मनोऱ्यात खिडकीपाशी बसलो असताना आपल्याला हे सारं लिहून काढण्याचा आग्रह झाला, असं तो सांगतो. ग्रंथ लॅटिनमध्ये आहे आणि गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात आहे. त्यात शिष्य साहजिकच विचारतो की या टेबलाला ‘स्कॅकॅरियम’ का म्हणतात? गुरू म्हणतो, बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं म्हणून, याहून खरं कारण मला सुचत नाही. पुढे तो हेही समजावतो की पटावर दोन राजांचं युद्ध होतं, तसं इथे खजिनदार आणि शेरीफ यांच्यात होतं, आणि बाकीचे न्याय करायला बसलेले असतात.

सरकारी तिजोरीच्या कामकाजाला एका खेळाचं नाव पडलं आणि ते कायमचं चिकटलं. स्कॅकॅरियमचं फ्रेंचमध्ये ‘एशेकिए’ झालं, इंग्रजीत ‘एक्सचेकर’ झालं. आजही ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर म्हणतात. इंग्रजीतला ‘चेक’ हा शब्द याच कुळातला. थांबवणं, तपासणं, रोखणं, कापडावरची चौकडी, सामानाचा बिल्ला, हॉटेलचं बिल, बँकेचा धनादेश, असे एकमेकांशी सुतराम संबंध नसलेले वाटणारे अर्थ तो वागवतो. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो, कारण त्याचा एकेक अर्थ कुठे, कोणत्या कामापायी जन्मला ते दाखवता येतं, आणि त्या वाटेवर मागे चालत गेलं की आपण आपल्याच अंगणात येऊन पोचतो.

बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त सातव्या शतकातला एक श्लेष आहे. हर्षाच्या राज्यात किती शांतता होती ते सांगताना बाण म्हणतो की चतुरंगाची मांडणी तेवढी अष्टापदावरच शिकायला मिळे. अष्टापद म्हणजे आठ गुणिले आठ घरांचा पट. हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ ही चतुरंग सेना त्यावर मांडून खेळला जाणारा खेळ तोवर जाणकार वाचकांच्या इतक्या ओळखीचा झाला होता की त्यावर कोटी करता येत होती. हा खेळ पश्चिमेला इराणात गेला. मध्ययुगीन इराणी कथेप्रमाणे एका भारतीय राजानं खुस्रो अनुशिरवानच्या दरबारी तो कोडं म्हणून पाठवला, आणि वजीर बुजुर्गमिहिरनं ते सोडवून वर स्वतःचा एक खेळ उलट पाठवला. ही कथाच आहे, पण शब्दाच्या वाटेबद्दल शंका नाही. संस्कृत चतुरंगाचं पहलवीत ‘चतरंग’ झालं. सातव्या शतकात अरबांनी सासानी साम्राज्य जिंकलं. त्यांच्या भाषेत ‘च’ही नव्हता आणि ‘ग’ही नव्हता, त्यामुळे चतरंगाचं ‘शतरंज’ झालं.

इराणी लोकांनी या खेळात एक शिष्टाचार आणला. समोरच्याच्या राजावर हल्ला होत असेल तर मुकाट्यानं राजा मारून मोकळं व्हायचं नाही, आधी बजावायचं: ‘शाह!’ म्हणजे, राजा सांभाळ. फारसीतला शाह हा आपल्या ‘क्षत्र’ शब्दाच्या कुळातला, दोन्हींच्या मुळाशी राज्य करण्याचाच अर्थ आहे. राजाला सुटायला वाट उरली नाही की ‘शाह मात’. मात म्हणजे निरुपाय झालेला, हतबल. अरबीत याच्याशी जुळणारं क्रियापद ‘मेला’ या अर्थाचं असल्यामुळे राजा मेला असा अर्थही पुढे रूढ झाला, पण पटावर राजा कधीच मारला जात नाही. तो अडकतो आणि डाव तिथेच संपतो.

‘शाह!’ कानावर पडलं की खेळणाऱ्याला मनातले सगळे बेत बाजूला ठेवावे लागतात. दुसरीकडे कितीही भारी चाल दिसत असली तरी ती खेळता येत नाही. आधी थांबायचं, मग कुठून हल्ला आहे ते बघायचं, मग उत्तर द्यायचं. चेकच्या बहुतेक अर्थांच्या मुळाशी हेच आहे: थांबणं, बघणं आणि उत्तर देणं.

अरबांबरोबर खेळ स्पेनमध्ये आणि भूमध्य समुद्राच्या काठानं इटलीत पोचला. इथे युरोपचे दोन भाग पडले. स्पेन आणि पोर्तुगालनं शतरंज हे नाव घेतलं. बाकीच्यांनी खेळाला त्यातल्या आरोळीवरूनच नाव दिलं. शाहचं लॅटिनमध्ये ‘स्कॅकस’ झालं, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ झालं. एका राजावरून आलेला एकवचनी शब्द इंग्रजीत चेक झाला आणि त्याचंच फ्रेंच अनेकवचन इंग्रजीत ‘चेस’ झालं. म्हणजे चेस या नावाचा मूळ अर्थ नुसता ‘राजे’ एवढाच.

युरोपनं खेळात स्वतःची भरही घातली. आपल्याकडचा किंवा अरबांचा पट एकरंगी असे, नुसत्या रेघा मारलेला. एकाआड एक घर रंगवायची कल्पना युरोपातली. स्वित्झर्लंडमधल्या आइन्झिडेल्नच्या मठात इ. स. १०००च्या सुमाराची एक लॅटिन कविता सापडली आहे, तिच्यात दुरंगी पटाचा उल्लेख आहे. त्याच कवितेत वजिराच्या जागी राणीही आलेली दिसते. आपण मराठीत आजही वजीरच म्हणतो. हत्तीच्या बाबतीत तिकडे आणखी घोळ झाला, इंग्लंडात त्याचा धर्मगुरू बनला. पण दुरंगी घरांचा परिणाम सर्वांत दूरवर गेला. एशेक म्हणजे खेळ, एशेकिए म्हणजे पट, आणि पटासारखं जे जे दिसेल ते ‘चेकर्ड’. पुढे त्याचंच लहान रूप होऊन कापडावरच्या चौकड्यांना चेक म्हणू लागले. आपण दुकानात चेक्सचा शर्ट मागतो तेव्हा त्या शब्दात पट आलेला असतो, राजा नाही. पोर्तुगीजांनी तर पटावरच्या खेळाला आणि चौकडीच्या कापडाला एकच शब्द ठेवला आहे, शतरंजवरून आलेला.

चौदाव्या शतकापर्यंत इंग्रजीत चेक हा पटाबाहेरही वावरू लागला. मला त्या शतकातली एक जागा विशेष वाटते. १३६८ साली लँकेस्टरची डचेस ब्लँच वारली. तिच्या मृत्यूनंतर चॉसरनं ‘द बुक ऑफ द डचेस’ ही कविता रचली. त्यात काळ्या वेशातला एक सरदार रानात एकटाच बसलेला भेटतो आणि म्हणतो, मी नियतीशी बुद्धिबळ खेळलो, तिनं माझी ‘फर्स’ मारली. फर्स म्हणजे फारसी फर्झीन, आपला वजीर, जो तोवर तिकडे राणी झालेला होता. कवितेतली नियती मोठ्यानं शह देते आणि मात करते. ऐकणाऱ्याला सरदार कशाबद्दल बोलतो आहे हे लवकर कळतच नाही, त्याला वाटतं की खेळातल्या एका मोहऱ्यापायी कुणी इतका शोक करतं का? शोकाला शब्द सापडत नाहीत तेव्हा माणूस खेळाची भाषा बोलतो, आणि ती भाषा तोवर इंग्लंडच्या दरबाराला पुरती अवगत होती.

त्याच सुमारास शिकारीच्या परिभाषेतही चेक आला. सोडलेला ससाणा ठरलेलं सावज टाकून भलत्याच पक्ष्यामागे वळला की त्याला चेक म्हणत. ठरलेली वाट मध्येच तुटणं, हा तिथला अर्थ. लगाम खेचून घोडा आवरणं, शत्रूची आगेकूच रोखणं, कुणाला झापून गप्प करणं, हे सगळे अर्थ हळूहळू आले. १७८७ साली अमेरिकेची राज्यघटना घडत असताना याच थांबवण्याच्या अर्थाला राजकारणात मोठं स्थान मिळालं. कायदेमंडळानं, अध्यक्षानं आणि न्यायालयानं एकमेकांना आवर घालायचा, त्याला ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ हे नाव रूढ झालं. राजाला बजावण्याच्या आरोळीतून निघालेला शब्द राजा नसलेल्या देशाच्या घटनेचा आधार झाला. आपल्या लोकशाही या शब्दातही तो शाह आहेच, आदिलशाही-निजामशाहीतून मराठीत रुळलेला.

पुन्हा फिट्झनीलच्या टेबलाकडे जायला हवं, कारण पैशाचा अर्थ तिथूनच सुरू होतो.

या टेबलाची गंमत अशी की नाव भारतीय मुळाच्या खेळाचं, पण भारतीय शून्य तिथे पोचलेलं नव्हतं. कारकून रोमन आकडे लिहीत, आणि रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करून बघितली की टेबल का लागत होतं ते ध्यानात येतं. रकान्यात सोंगटी नसली की तो रकाना रिकामा, बस्स. शून्याचं काम ती मोकळी जागा करी. शून्यही अरबांच्याच हातून युरोपात गेलं, पण राजाच्या हिशेबात मुरायला त्याला खेळापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला.

पैसे भरले की शेरीफाला जी पावती मिळे ती लाकडाची असे, तिला ‘टॅली’ म्हणत. साधारणपणे हेझलच्या झाडाची काठी, लांबीला अंगठा आणि तर्जनी ताणल्यावर जेवढं अंतर होतं तेवढी. तिच्यावर रकमेप्रमाणे खाचा पाडायच्या, आणि खाचांची मापं फिट्झनीलनं एकेक करून दिली आहेत. हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीएवढी. शंभराची अंगठ्याच्या रुंदीची. वीस पौंडांची करंगळीएवढी. एका पौंडाची पिकल्या जवाच्या दाण्याएवढी. शिलिंगची त्याहून बारीक. पेनीसाठी लाकूड काढायचंच नाही, नुसता सुरीचा एक काप द्यायचा. खाचा पाडून झाल्या की काठी उभी चिरायची. खाचा दोन्ही भागांवर सारख्या राहतात. मुठीचा लांब भाग पैसे भरणाऱ्याकडे, धाकटा भाग खजिन्याकडे. हिशेबाच्या दिवशी दोन्ही भाग एकमेकांना लावून बघायचे. शेरीफानं आपल्या भागावर एक खाच वाढवली तरी ती जोडीदार भागावर असणार नाही. लाकडाच्या रेषाही जुळाव्या लागतात, त्यामुळे दुसरीच काठी आणून जमत नाही.

खोटेपणा पकडण्याची इतकी साधी आणि इतकी पक्की युक्ती मला दुसरी आठवत नाही. पावतीपुस्तकातली स्थळप्रत आपण सगळ्यांनी बघितली आहे, तिचं काम हेच. इंग्रजीत तिला काउंटरफॉइल म्हणतात, आणि टॅलीच्या धाकट्या भागाचं नावही फॉइलच होतं.

ही पद्धत इतकी मुरली की कागद, छपाई आणि दशमान अंक आल्यावरही सुटेना. १७८०च्या दशकात संसदेनं टॅली बंद करण्याचा कायदा केला, पण जुन्या पदांवरची माणसं असेपर्यंत जुनं चालू द्यायचं असं ठरलं. प्रत्यक्षात टॅली थांबल्या १८२६ साली. मग साठलेल्या काठ्यांचं करायचं काय, हा प्रश्न आला. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी दोन गाड्या भरतील एवढ्या काठ्या जाळून टाकायचं ठरलं. उघड्यावर जाळल्या तर शेजारीपाजारी तक्रार करतील म्हणून हाउस ऑफ लॉर्ड्सच्या खालच्या भट्ट्या निवडल्या. त्या भट्ट्या कोळशासाठी बांधलेल्या. शतकांचं वाळलेलं लाकूड मजुरांनी दिवसभर त्यांत कोंबलं. दुपारी सभागृह बघायला आलेल्या पाहुण्यांना धूर जाणवला, पायांखालची फरशी बुटांतून चटका देऊ लागली. तिथे देखभालीला असलेल्या बाईनं त्याबद्दल हटकलंही. काम तसंच पुढे चाललं. संध्याकाळी सहाच्या सुमारास आग उसळली आणि रात्रीतून लॉर्ड्स आणि कॉमन्स ही दोन्ही सभागृहं गेली. शिकस्त करून जुना वेस्टमिन्स्टर हॉल तेवढा वाचवला. देशाचा प्रमाण यार्ड आणि प्रमाण पौंड संसदेत ठेवलेले होते, तेही त्या आगीत निकामी झाले. नदीवरून हे सारं बघणाऱ्या हजारोंत चित्रकार टर्नर होता, त्यानं पुढच्या वर्षी या आगीची दोन मोठी तैलचित्रं केली. आज लंडनचं म्हणून ओळखलं जाणारं संसदभवन त्यानंतरचं आहे. चार्ल्स डिकन्सनं १८५५च्या एका भाषणात विचारलं की या काठ्या आसपासच्या गरिबांना सरपण म्हणून का दिल्या नाहीत? त्याचा संताप मला रास्त वाटतो.

लाकूड जळालं तोवर त्याचं काम कागदानं केव्हाच उचललं होतं. सतराव्या शतकात लंडनच्या सराफांकडे आणि सावकारांकडे लोक पैसे ठेवू लागले आणि चिठ्ठी लिहून तिसऱ्याला देऊ लागले. १६५९ सालची, निकोलस व्हॅनॅकर यानं क्लेटन आणि मॉरिस या पेढीवर काढलेली चारशे पौंडांची चिठ्ठी आजही उपलब्ध आहे. तिला तेव्हा कुणी चेक म्हणत नव्हतं. अठराव्या शतकाच्या आरंभी एक्सचेकरच्या रोख्यांच्या संदर्भात हा शब्द आला, आणि तोही चिठ्ठीसाठी आलेला नव्हता. रोखा फाडून दिल्यावर मागे जो भाग उरतो, खरंखोटं ताडून बघायला, तो म्हणजे चेक. तोवर तपासून बघणं हा अर्थ इंग्रजीत स्थिरावलेला होता. १७१७च्या सुमारास बँक ऑफ इंग्लंडनं छापील, क्रमांक घातलेल्या चिठ्ठ्या द्यायला सुरुवात केली, त्यांनाही फाडून मागे राहणारा भाग होता. लोकांच्या तोंडी मागच्या भागाचं नाव पुढच्या कागदाला लागलं, आणि आपण पैसे ज्यानं देतो तो कागदच चेक झाला.

स्पेलिंगचा निकाल जेम्स विल्यम गिल्बार्ट नावाच्या बँकरानं लावला असं म्हणता येईल. हा पुढे लंडन अँड वेस्टमिन्स्टर बँकेचा व्यवस्थापक झाला. १८२०च्या दशकाच्या अखेरीस बँकव्यवहारावरच्या पुस्तकात त्यानं ‘क्यू-यू-ई’चं स्पेलिंग मुद्दाम स्वीकारलं. कारणं दोन दिली: अर्थाचा घोटाळा होत नाही, आणि एक्सचेकरशी साम्य राहतं. ब्रिटननं ते उचललं. अमेरिकेनं जुनंच ठेवलं, आणि तिथे शब्दाला नवे फाटे फुटले. आगगाडीत दिलेल्या सामानाला पितळी बिल्ला लावायचा आणि त्याचा जोड प्रवाशाच्या हाती द्यायचा, तो बिल्ला म्हणजे चेक. विमानतळावर बॅगा ‘चेक-इन’ करताना आज आपण त्याच पद्धतीतून जातो, फक्त पितळेच्या जागी बारकोड आला. हॉटेलच्या बिलालाही तिकडे चेक म्हणू लागले.

हिंदुस्थानात बँकेचा चेक ब्रिटिश स्पेलिंग घेऊन आला. १८८१चा पराक्राम्य संलेख अधिनियम, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट, आजही चालू आहे, त्याच्या सहाव्या कलमात चेकची व्याख्या आहे. पण आपल्या गावोगावच्या व्यापाऱ्याला पाठ असतं ते कलम १३८, चेक न वटल्याचं. ते १९८८ साली कायद्यात घातलं आणि १९८९च्या एप्रिलपासून लागू झालं. त्याआधी न वटलेल्या चेकच्या पैशासाठी मुख्यतः दिवाणी दाव्याची वाट धरावी लागे. १३८नंतर चेक देणाऱ्याला नोटीस येते, पंधरा दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर फौजदारी खटल्याला तोंड द्यावं लागतं.

इंग्रजी चेकच्या कितीतरी शतकं आधी शाह दुसऱ्या वाटेनं मराठीत आलेला होता. दख्खनच्या दरबारांतून फारसी आली, तिच्याबरोबर शह आणि मात आले. मराठी माणूस पटावर शह देतो, प्याद्यानं मात केली तर प्यादेमात म्हणून ती मोठ्या दिमाखानं सांगतो. राजकारणात शहाला काटशह मिळतो, सभेत कुणी कुणावर मात करतो. पटाशी कधी संबंध न आलेल्या माणसाच्याही बोलण्यात हे असतं. मग इंग्रजी चेक आला: चेकनाका, चेकअप, चेकबुक. दोन्ही एकाच शब्दाची रूपं, एक इराणातून थेट आलेलं आणि दुसरं अरबस्तान, फ्रान्स आणि इंग्लंड फिरून आलेलं. वर्तमानपत्राच्या एका पानावर शह-काटशह असतो आणि दुसऱ्या पानावर चेक वटला नाही म्हणून गुन्हा नोंदलेला असतो.

ही सगळी नाती लेखी उलगडण्याच्या कामात एका घराचा मोठा वाटा आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचा संपादक जेम्स मरे यानं आपल्या बागेत पत्र्याची एक शेड उभारली होती, तिला तो स्क्रिप्टोरियम म्हणे. आत हजारावर कप्पे, आणि जगभरातून वाचकांनी पाठवलेल्या चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक शब्द, त्याच्या वापराचं एक वाक्य, पुस्तकाचं नाव आणि साल. मरेची मुलं खाऊच्या पैशांसाठी या चिठ्ठ्या वर्णानुक्रमानं लावत. कोशाचा ‘कास्ट’पासून ‘क्लिव्ही’पर्यंतचा भाग १८८९ साली निघाला, चेक त्यातच आहे. एकेक अर्थ कोणत्या काळात पहिल्यांदा लेखी आला ते तिथे उतरंडीनं मांडलेलं आहे, आणि व्युत्पत्तीत फारसी शाह.

मरेचा थोरला मुलगा हॅरल्ड तेव्हा विशीत होता आणि ऑक्सफर्डला गणित शिकत होता. पुढे तो शाळांचा निरीक्षक झाला, पण त्याचा जीव अडकला बुद्धिबळाच्या इतिहासात. जुनी हस्तलिखितं वाचता यावीत म्हणून तो अरबी शिकला. बापानं शब्दांसाठी जे केलं तेच त्यानं खेळासाठी केलं: ऐकीव कथा बाजूला ठेवल्या, लेखी पुरावे कालक्रमानं लावले, आणि प्रत्येक देशातली मोहऱ्यांची नावं शेजारीशेजारी ठेवून बघितली. नावांवरून त्याला वाट सापडत गेली. १९१३ साली त्याचा ‘अ हिस्टरी ऑफ चेस’ हा सुमारे नऊशे पानांचा ग्रंथ ऑक्सफर्डनंच काढला, आणि त्यात या खेळाचं मूळ त्यानं निःशंकपणे भारतात ठेवलं. जेम्स मरे तेव्हा हयात होता. तो १९१५ साली वारला तेव्हा कोशाचं काम ‘टी’ अक्षरात होतं, आणि कोश पुरा व्हायला १९२८ साल उजाडलं.